पुसलेल्या दोन रेघा

पम्या, तुझ्या शोकसभेत मंडळाच्या अध्यक्षांनी तुला ‘मनमिळाऊ’ म्हटलं तेव्हा मला हसू आवरेना. मागच्या रांगेत होतो म्हणून निभावलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला, आणि तो हातात आल्यावर मी खरोखरच रडायला लागलो. मनमिळाऊ म्हणे. इतक्या वर्षांत तू माझं एक वाक्य धड पूर्ण होऊ दिलं नाहीस. चहात आलं किसून घालायचं की ठेचून, यावरून तू एकदा माझ्या घरातून न जेवता उठून गेला होतास, आणि अर्ध्या तासानं परत आला होतास, कारण नीला वहिनी आमच्याकडेच राहिल्या होत्या. अध्यक्षांनी मलाही दोन शब्द बोला म्हणून खूण केली. मी नाही म्हणून मान हलवली. आपल्या दोघांत जे अडकून पडलंय ते फ्युनरल होमच्या माइकवरून बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून इथे बोलतो. तू नोव्हेंबरात गेलास, आता जानेवारी संपत आलाय. एडिसनमध्ये पार्किंग लॉटच्या कोपऱ्यांत बर्फाचे काळपट ढिगारे साचलेत. हे ढिगारे दिसायला लागले की तुझा फोन यायचा, “सुहास, वर डोंगरात बर्फ चांगला पडलाय. शनिवारी निघायचं.” यंदा ढिगारे आले, फोन आला नाही. येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी शुक्रवारी संध्याकाळी फोन खिशातून काढून मी समोर टेबलावर ठेवत होतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

स्की करायला लागणं ही सगळी तुझी जबरदस्ती. तुझ्या मुक्ताच्या शाळेत स्की क्लब होता आणि बसबरोबर दोन पालक हवे होते. माझं कुणी त्या शाळेत नव्हतं, तरी तू माझं नाव टाकून मोकळा झालास. पोकोनोजच्या त्या टेकडीवर आपण जीन्स घालून गेलो, डोक्यावर माकडटोप्या. वहिनींनी थंडी वाजेल म्हणून दोघांना तीन-तीन जोड मोजे घालायला लावले होते. ते मोजे भाड्याच्या बुटांत कोंबले, बकलं आवळली, आणि तासाभरात पायांना मुंग्या येऊन बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. तू लॉजमध्ये बसून बूट काढलेस, पाय चोळत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्लीस, आणि दोन जोड मोजे फेकून पुन्हा वर गेलास. मी मात्र दशम्या संपवत बसलो. तिथून तू पुढे आणि मी मागे, ते कायमचंच ठरून गेलं.

दुसऱ्या हिवाळ्यात तुला कार्व्हिंगचं वेड लागलं. ज्यांनी कधी स्की पायाला बांधली नाही त्यांनाही तू ते समजावून सांगायचास, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये पेपर प्लेट तिरकी धरून. स्की कडेवर कलती करायची आणि तिच्यावर विश्वास टाकायचा. तिच्या अंगातच बाक असतो, ती स्वतः वळण काढते. शेपूट बरोबर टोकाच्या मागून जातं, आणि बर्फावर उरतात दोन बारीक रेघा, चाकूनं काढल्यासारख्या. उलट माझ्यासारखे लोक वळायचं म्हटलं की घाबरून टाचा बाहेर ढकलतात. स्की आडवी होते, बर्फ खरवडते, वेग मरतो, आणि मागे हातभर रुंद पट्टा उरतो. त्याला स्किड म्हणतात. तू त्याला फरशी पुसणं म्हणायचास.

“तू वळतच नाहीस रे. तू ब्रेक मारतोस आणि त्याला वळण म्हणतोस.”

“ब्रेक मारणारा घरी पोचतो,” मी म्हणायचो.

“आयुष्यभर रस्त्यांची वळणं काढलीस, आणि स्वतःला एक काढता येत नाही.”

हे तुझं आवडतं वाक्य. मी हायवे खात्यात वळणांचे उतार काढायचो, कोणत्या वेगाला रस्ता किती कलता ठेवायचा ते. एकाच ऑफिसात निवृत्त झालो. तू तीनदा नोकरी सोडलीस, त्यातल्या दोनदा दुसरी हातात नसताना, आणि दर वेळी वहिनींच्या आधी मला फोन केलास. मी दर वेळी तुला वेड्यात काढलं. दर वेळी तुझं नीट झालं, आणि त्याचा मला थोडा रागच यायचा.

आपली रीत आठवते ना? खाली पोचलं की चेअरलिफ्टवर शेजारी बसायचं आणि वर जाता जाता खाली वाकून आपापल्या खुणा बघायच्या. सकाळी पहिल्या लिफ्टला, मशीननं नुकताच विंचरलेला बर्फ असायचा तेव्हा सगळं स्वच्छ दिसायचं. सुरुवातीला मी तुझ्या बरोब्बर मागून यायचो आणि माझ्या पट्ट्याखाली तुझ्या रेघा पुसल्या जायच्या. तू चिडायचास. मग ठरलं की मी बाजूनं यायचं आणि तुझ्या रेघांचा निकाल द्यायचा. एकदा तुझं मन राखायला मी नुसतंच “छान” म्हटलं. तुला त्यातली एक पसरलेली रेघ दिसली आणि तू दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. “लिफ्टवर खोटं बोलायचं नाही,” असं तू बजावलंस, आणि मी पुन्हा कधी बोललो नाही. लिफ्टवर तरी नाही.

एकदा मात्र तू माझ्या तावडीत सापडला होतास. एक लहान मुलगी झाडाआडून घसरत थेट तुझ्यासमोर येऊन पडली, आणि तू दोन्ही स्की आडव्या टाकून, बर्फाचा फवारा उडवत, तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबलास. मी वरून सगळं पाहिलं. लिफ्टवर बसल्या बसल्या मी म्हटलं, “पुसलीस ना फरशी?” तू म्हणालास, “तो ब्रेक होता. ते वळण नव्हतं.” पण त्या दिवशी उरलेल्या फेऱ्या तू माझ्या मागून केल्यास.

आता ज्याची आठवण नको वाटते ते. व्हरमाँटमधला आपला नेहमीचा डोंगर, थंडगार स्वच्छ सकाळ. लिफ्टवरून मी खाली बघितलं आणि मला भलताच आनंद झाला. तुझं प्रत्येक डावं वळण पसरलेलं होतं. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या पायावर येतो, आणि तुझी उजवी रेघ दर वेळी मधेच फुटून पट्टा झाली होती. “पम्या, आज तूसुद्धा फडकं घेतलंस हातात,” मी म्हणालो. आणखीही बरंच काही म्हणालो. तू खाली बघत राहिलास. शेवटी म्हणालास, “बूट सैल झालाय बहुतेक.” दुकानात जाऊन तू नवे बूट घेतलेस. पुढच्या वेळी रेघ तशीच फुटली. उन्हाळ्यात ओक ट्री रोडवर फुटपाथची पायरी चढताना उजवा पाय अडकून पडलास, आणि शरद ऋतूत डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच एकेक करून मरत चालल्यात आणि ते थांबवता येत नाही.

तुझा आजार सगळ्यांत आधी मी पाहिला, पम्या, आणि मी हसत होतो. त्यात कुणाची चूक नाही हे मला कळतं. तरी त्या हसण्याचा आवाज अजून कानात येतो.

नंतरचं सगळं वहिनींनी आणि मी जवळून पाहिलं. काठी, वॉकर, खुर्ची. बोलणं जड होत गेलं. मुक्तानं शाळेतून रजा घेतली. ती मुलांना विज्ञान शिकवते आणि तुझ्यासारखीच ऐकत नाही. मागच्या मार्चमध्ये तिनंच शोधून काढलं की आपल्या त्या डोंगरावर, ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना बसून स्की करायला नेणारी स्वयंसेवक मंडळी आहेत. मी विरोध केला. थंडी, फुप्फुसं, प्रवास, मी सगळं मोजून दाखवलं. तू जड जिभेनं एवढंच म्हणालास, “ब्रेक… मारू… नको.”

बेथ नावाच्या साठीच्या बाई आल्या. टोपल्यासारखं एक आसन, त्याखाली दोन आखूड स्की. तुला त्यात बसवून पट्टे आवळले. मान आणि खांदा कलला की टोपलं कलायचं आणि स्की कडेवर जायच्या. बेथनं समजावलं की ती दोर धरून मागून येणार, सबंध वेळ आडवी घसरत, कारण वेग आवरणं हे तिचं काम. तू तिचं सगळं ऐकून घेतलंस आणि माझ्याकडे बघून म्हणालास, “म्हणजे… सुहास.” मुक्तानं बेथला ते इंग्रजीत सांगितलं. बेथ हसली आणि म्हणाली की तिला असे सुहास आणखी हवे आहेत.

मी बाजूनं निघालो, नेहमीसारखा. आणि मी ते बघितलं. तू डावीकडे मान टाकलीस, टोपलं कललं, आणि आखूड स्कींच्या मागून दोन रेघा निघाल्या. बारीक, खोल, कुठेही न फुटलेल्या. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. प्रत्येक रेघ क्षणभर उन्हात दिसायची, आणि मागून येणाऱ्या बेथच्या आडव्या स्की तिच्यावरून फिरायच्या. खालपर्यंत हेच. तू काढत होतास आणि ती बिचारी इमानदारीनं पुसत होती.

त्यांनी तुला लिफ्टवर चढवलं, मी शेजारी बसलो. तू कष्टानं मान वाकवून खाली बघितलंस. वरपासून खालपर्यंत एक रुंद, सरळसोट पट्टा होता.

“फर… शी,” तू म्हणालास.

“नाही रे. त्याच्याखाली रेघा होत्या. मी बघितल्या. एकही फुटली नाही.”

तू माझ्याकडे बघितलंस. “लिफ्ट… वर…”

“खोटं बोलत नाहीये, पम्या.”

तू तोंड फिरवलंस. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण वरती वाराही बोचरा होता.

तिथून हा वाद सुरू झाला आणि तोच आपला शेवटचा. दर गुरुवारी मी वेस्ट विंडसरला तुझ्याकडे यायचो, वहिनी तेवढ्यात भाजी-किराणा आटपून यायच्या. उन्हाळ्यात तुझं बोलणं पूर्ण गेलं. डोळे वर केले की हो, मिटले की नाही. मंडळातले लोक भेटायला यायचे, हवापाण्याचं बोलायचे, तुझ्या धैर्याचं कौतुक करायचे आणि घड्याळाकडे बघायचे. मलाही पहिल्या दोन गुरुवारी काय बोलावं सुचेना. आयुष्यभर तुला उलट उत्तर दिलं होतं, आणि आता तू काही बोलतच नव्हतास. खोलीत मशीनचा श्वास तेवढा चालू. मग मी म्हटलं, “पम्या, त्या रेघा होत्या हां.” तू डोळे मिटलेस. नाही. मला संताप आला. मी खुर्ची पुढे ओढली आणि सगळी फेरी पहिल्यापासून सांगितली, ऊन कुठून होतं, पहिलं वळण कुठे, दुसऱ्याला बेथचा दोर कसा ताणला. शेवटी विचारलं, पटलं? तू डोळे मिटलेस.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. एकदा मी तुझ्या पांघरुणावर बोटानं रेघ काढून दाखवली आणि तळव्यानं पुसून दाखवली. एकदा वहिनींना साक्षीला बोलावलं, त्या म्हणाल्या, “भावजी, मी लॉजमध्ये चहा पीत होते, मला यात ओढू नका.” एकदा मी चक्क ओरडलो, आणि नर्स आत डोकावून गेली. घरी जाताना गाडीत मी नवे मुद्दे शोधत असायचो. ज्या माणसाशी मी लिफ्टवर पुन्हा कधी खोटं बोललो नाही तो मला खोटा समजून मरणार, याचं मला फार लागलं होतं. वाटायचं, तू मला दया दाखवणाऱ्यांत धरलंस. आणि तुला स्वतःला वाटतंय की तुझी शेवटची फेरी नुसती घसरत गेली.

शेवटच्या गुरुवारी तू खूप थकला होतास. मी फेरी सांगितली, थोडक्यात. विचारलं, “आता तरी पटलं?” तू डोळे मिटलेस, आणि ते मिटलेलेच राहिले. तुला झोप लागली होती की ते ‘नाही’ होतं, मला कळलं नाही. थोडा वेळ थांबून मी निघालो. रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

डिसेंबरात मुक्ताचा फोन. “काका, मी आपल्या दोघांचं नाव टाकलंय.” बाप तसा लेक. दोर धरणाऱ्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग. मी म्हटलं, माझे गुडघे, माझं वय. ती म्हणाली, “बेथला साइडस्लिप, म्हणजे आडवं घसरणं, येणारे लोक हवेत. बाबा म्हणायचा, फरशी पुसावी तर सुहासनं.” हे तू तिच्याजवळ कधी बोललास कोण जाणे. माझ्या तोंडावर तर कधी बोलला नाहीस.

मागच्या शनिवारी गेलो. ट्रेनिंगमध्ये एकानं टोपल्यात बसायचं आणि दुसऱ्यानं दोर धरायचा. मुक्ता बसली. पट्टे मी आवळले, बेथनं तपासले. मी मनगटाला दोर गुंडाळला. निघालो. ती मान टाकत होती, टोपलं कलत होतं, आणि तिच्या मागून, माझ्या स्कींच्या जरा पुढे, दोन रेघा निघत होत्या. बारीक, खोल. आणि मी, जन्मभर जे एकच काम केलं ते करत, आडवा घसरत त्यांच्यावरून जात होतो. पम्या, मला समोरचं नीट दिसेना. गॉगलच्या आत पाणी साचलं होतं आणि दोन्ही हात दोरात अडकलेले.

खाली थांबलो.

“काका,” ती म्हणाली, “बाबाला माहीत होतं.”

“काय?”

“रेघांचं. यू कॅन फील इट. मागे बघावंच लागत नाही. शेवटी एकदा मी मुद्दाम कमी कलले, तर स्किड झालं आणि सगळं टोपलं थरथरलं, पाठीत, दातांत. आणि कार्व्ह होतं तेव्हा एकदम शांत. त्याला कळलं नसेल असं होऊच शकत नाही. त्याला माहीत होतं.”

मी तिथेच बर्फात बसलो. मला आठवलं, तूच सांगायचास की चांगलं वळण आधी अंगाला कळतं, लिफ्टवरून बघायचं ते फक्त मिरवायला. शंभरदा सांगितलं असशील.

“मग दर वेळी नाही का म्हणत होता?” मी विचारलं. मला राग आला होता, खरंच आला होता. “दर गुरुवारी मी तेच ते सांगतोय, घसा कोरडा करतोय, आणि हा डोळे मिटतोय.”

मुक्ता छातीवरचा पट्टा सोडवत होती. “मग हो म्हणाला असता तर पुढच्या गुरुवारी तुम्ही काय बोलला असतात?”

सगळे येऊन तुझ्या उशाशी गप्प बसायचे, आणि मी एकटा होतो ज्याला तिथे शिरल्या शिरल्या काहीतरी बोलायचं असायचं. ती सोय तू करून ठेवली होतीस. हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्या तू माझ्यासाठी मिटत होतास. तुझे आभार मानायला हवे होते. मी ओरडत होतो.

आणि तरी मला खात्री नाही. मुक्ता म्हणते ते खरं असेल, किंवा ती तुझी मुलगी आहे आणि काकाचं मन राखते आहे. आम्ही तेव्हा लिफ्टवर नव्हतो.

आज गुरुवार आहे. दुपारी सवयीनं गाडी काढली आणि वेस्ट विंडसरला गेलो. वहिनींना किराणा आणायचा नव्हता, तरी त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि मला तुझ्या खोलीत सोडून गेल्या. बेड परत नेलाय. गालिच्यावर चाकांचे चार खळगे आहेत. मी खुर्ची नेहमीच्या जागी ओढली आणि पहिल्यापासून सांगितलं. ऊन डावीकडून होतं. पहिलं वळण पाइनच्या झाडांपाशी. दुसऱ्याला बेथचा दोर ताणला. दोन रेघा होत्या, पम्या, एकही फुटली नाही.

आता नाही म्हण.